बॉयलरचं माहेर

सेलूच्या स्टेशनामागं, मालधक्क्याच्या अंगाला
जिनिंगची चिमणी अजून उभी आहे.
शेंड्याच्या विटांत पिंपळ फुटलाय.

बॉयलर मात्र परवा गेला.
जालन्याहून गॅस कटर घेऊन दोन पोरं आली,
तीन दिवस कापत होती.
पोटातून निघाली राख, एका पान्याची मूठ,
आणि एक घोरपड. जिवंत, रागावलेली.

दर्शनी पितळी पाटी होती.
दादा, म्हणजे दस्तगीर फायरमन,
दर खंडेनवमीला ती चिंचेनं घासायचे.
उर्दू यायची त्यांना, मोडीही थोडी,
ही अक्षरं नाही.
सरकी उचलणाऱ्या बायकांनी मग ठरवूनच टाकलं
की हे बॉयलरचं माहेर.
बोटीनं मुंबई, मनमाडला गाडी बदलून सेलू.
"येवढ्या लांब लेक देतं का कुणी?"
केवळाबाई पाटीवरून हात फिरवायची.

मला पाचवीत इंग्रजी लागलं
आणि मी वाचून दाखवलं : पेझली. स्कॉटलंड.
दादा म्हणाले, "वहां बारिश पडती क्या?"
केवळाबाईनं विचारलं, कापूस पिकतो का?
नाही पिकत.
मग मशीन कशाला करत्यात?

त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

भोंग्यावर गाव उठायचं, डबे निघायचे,
सासवा सुनांना बोलायच्या ते दुसऱ्या भोंग्यानंतर.
दिवाळीनंतर हवेत रुई,
वरणात रुई, पोरांच्या पापण्यांवर रुई,
आणि केवळाबाईच्या छातीत
जी बसली ती बसलीच.
डॉक्टर दमा म्हणाले. मालक काहीच म्हणाले नाहीत.

लोखंड ट्रकनं जालन्याला गेलं. भट्टीतून
सळई होऊन कुणाच्या स्लॅबमध्ये शिरलंही असेल,
कदाचित सेलूतच.
पितळेचा भाव वेगळा.
सव्वादोन किलो भरली पाटी,
मी घासाघीस न करता पैसे दिले
आणि थेट केवळाबाईच्या घरी नेली.

तिनं बोटांनी अक्षरं चाचपली. खोकली.
"आन् आता ठिवू कुठं ही?"

परवा गेलो तर दारातल्या पाण्याच्या टाकीवर होती,
वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून.
अक्षरं वर. चिंचेनं घासलेली.