एकशे पाच

सकाळी जर्मनीहून आलेला पोरगा म्हणाला, एकशे चाळीसने ओढा.
त्याच्या पंखांत दीडशे लिटर पाणी,
हळू गेलं की ते फायबरचं धूड बहिरं होतं म्हणे,
दांडी हलवावी, उत्तर मागाहून यावं.
ओढलं. आठशे मीटरवर सोडलं.
आभार मानले त्याने, रेडिओवरच.

मग झिग्मास.
त्याचं ग्लायडर लाकडाचं, माझ्याहून दोन वर्षांनी मोठं,
पाइन, बर्चचं प्लायवूड, ताणलेलं कापड, लाखेचा वास.
आत होकायंत्राखाली पत्र्याच्या पट्टीवर
कुणीतरी खिळ्याने कोरलंय : दोरावर ११० च्या वर नाही.
झिग्मास त्यातून पाच वजा करतो.
"या वयात," म्हणतो, "सगळ्यातूनच पाच वजा करावेत."

माझ्या विल्गाला एकशे पाच मानवत नाही.
नाक वर, समोर नुसतं आकाश आणि काचेवर तेलाचे थेंब,
सिलिंडरच्या तापाचा काटा लाल रेघेकडे सरकतो,
पायाखालचं रडर आळसावतं.
याला सोसेल ते त्याला सोसत नाही
आणि मधे पन्नास मीटर दोर.
कुंपणापाशी उभ्या असलेल्यांना वाटतं
पुढची ओढते, मागचा येतो.
पुढचीचं शेपूट मागच्याच्या हातात असतं
हे त्यांना तिथून दिसत नाही.

मान्तास पंखाचं टोक धरून धावला. सात पावलं. सोडलं.
कुंपण गेलं, राईचं शेत गेलं.
एकशे वीस मीटर.
नेमुनस नदी आणि तापलेली जमीन यांच्या मधे
हवेला तिथे कायमची एक घडी पडलेली असते.
दोर सैल पडला, आरशात त्याची कमान दिसली,
मग हिसका,
मग आरसा रिकामा.

आरसा रिकामा म्हणजे तो वर आहे.
शिकाऊ पोरांना हे मी तीनतीनदा सांगते.
माझं शेपूट कुणी चिमटीत धरून उचललं.
दांडी पोटाला टेकली, त्याच्या मागे जागाच नाही,
आणि नाक खालीच, खालीच.
काचेत नदी, नदीत होडी,
होडीत निळी बादली.

डावा हात पिवळ्या मुठीवर.
एकदाच ओढलीय ती, एकोणीस वर्षांपूर्वी.
ब्रोन्यूस बीटच्या शेतात आपटला, चाक मोडलं,
दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.
त्याची बायको मात्र
दर नाताळला खसखशीचा रोल पाठवायची.

नियम एवढाच की विचार करायचा नाही.
मी "एक" म्हणाले.

दोन म्हणायच्या आत शेपूट जागेवर आलं,
आरशाच्या वरच्या कडेतून
आधी त्याची घसरपट्टी उतरली, मग पोट,
मग पांढरी टोपी.
काटा पंच्याण्णव. शंभर.
एकशे पाच.

सहाशेवर त्याने दोर सोडला.
तो उजवीकडे, मी डावीकडे खाली.
खाली येण्याचीही घाई करता येत नाही,
तापलेलं इंजिन एकदम निवलं तर तडकतं,
म्हणून गोल गोल, थोडं थोडं, हात थरथरत असले तरी.

संध्याकाळी तो हँगरच्या दारात आला.
"चष्मा घसरला होता."
"कळलं."
"किती मोजलंस?"
"एक."
त्याने टोपी काढली, परत घातली.
"बत्तीस वर्षांपूर्वी याच दारात सांगितलं होतं तुला,
आल्दोना, एकसुद्धा मोजायचं नाही.
मग का?"

मी दोर कोपरावर गुंडाळत राहिले.
अंगठीपासून हातभर अंतरावर एक पीळ उसवला होता.
तेवढा तुकडा उद्या कापावा लागेल.