ळ चा तुटवडा

खणभागात मगदूमांचं प्रेस होतं,
प्रेसमध्ये भिंतभर लाकडी खण.
अण्णा तिथे जुळारी.
ळ चा खण सगळ्यात खाली, गुडघ्याजवळ,
आणि त्यात खिळे एकोणीस.
विसावा कुणीतरी ट्रेडलखाली चिरडला होता
माझ्या जन्माआधी.

ळ वर पहिला मान हळदीच्या जाहिरातींचा.
पैसे त्याच द्यायच्या.
उरलेले मुलांच्या मासिकाला,
आणि मासिकातल्या गोष्टीत नेमका बगळा.
बगळा तळं बघत उभा. दोन गेले.
आभाळ काळं. आणखी दोन.
पुढच्या पानावर मासळी आली
तेव्हा अण्णांनी चिमटा खाली ठेवला.

संपादक जेवायला गेले होते.
लेखक राहायचे औंधला, त्यांना कोण विचारतो.
अण्णांनी बगळ्याचा ढोक केला,
तळ्याचा डोह, मासळीचा मासा.
जांभळं पडायची होती तिथे पेरू पडले.
गोष्ट छापून गेली,
विट्याला, जतला, एसटीच्या टपावरून.

पंधरा दिवसांनी कवठेमहांकाळहून कार्ड आलं,
शाईची बोटं उमटलेलं :
मागच्या अंकात बगळा होता. आता ढोक का?
बगळा मेला का?
खाली सही. इयत्ता तिसरी, ब.

अण्णांनी कार्ड ळ च्या खणात ठेवलं.
पुढच्या अंकात एक ओळ जास्तीची होती,
लेखकानं न लिहिलेली :
बगळा मामाकडे गेला आहे. येईल.

मग पूर आला.
खालचे खण आधी बुडाले.
चिखलातून निघालेली अक्षरं
शिशाच्या भावानं भंगारात गेली,
तराजूत सगळी सारखीच,
ज्ञ काय आणि ळ काय.

आता गोष्टी मी सांगते, कपाटात बसून.
खरंच कपाटात. दोन्ही बाजूंना रजया,
दाराच्या फटीला सतरंजी,
माइक बुटांच्या खोक्यावर,
आणि शेजारच्यांचा कुकर तिसऱ्या शिट्टीवर येईपर्यंत थांबायचं.
पुण्याच्या ऑफिसातला मुलगा कळवतो,
मॅडम, आठ सेकंदांत काहीतरी घडवा,
नाहीतर मुलं अंगठा सरकवतात.
मी बगळ्याला आठ सेकंदांत उडवते.

उडतो तो. चांगला उडतो, खोटं कशाला बोलू.
पंख हलतात, पाण्यात सावली हलते,
मासा डोळा मारतो.
उमदीच्या पुढच्या वस्तीवर,
जिथे आमचा अंक कधी पोचलाच नाही,
तिथली पोरं द्राक्षाच्या मांडवाखाली बसून
त्याच सकाळी ऐकतात.
अण्णांना हे सांगितलं तेव्हा
त्यांनी दोनदा विचारलं, त्याच सकाळी?

परवा एका गोष्टीला त्यांनी यंत्राचा आवाज लावला.
ट्रायल म्हणून, म्हणाले.
खालच्या मजल्यावरची आफरीन मुजावर, वय सात,
फोन घेऊन जिना चढून आली.
मावशी, हा बगला म्हणतोय.
आभाल म्हणतोय. केलं खाल्लं म्हणतोय.
ह्याची जीभ वळत नाही का?

अण्णा खिडकीशी बसले होते.
हल्ली हाक मारली तरी ऐकू येत नाही,
हे मात्र आलं.
म्हणाले, खण बघा. संपले असतील.

कसला खण, आफरीननं विचारलं.
मी सांगायला लागले. ट्रेडल म्हणजे काय
इथेच पाच मिनिटं गेली.
ढोक आला, पेरू पडले, कार्ड आलं.
मधेच तिनं फोनवरचं लाल बटण दाबलं
आणि तो अण्णांच्या तोंडासमोर धरला.
आजोबा, आता तुम्ही बोला.
तो मामाकडे गेलेला, परत आला का?

अण्णांनी दोन बोटं चिमट्यासारखी जुळवली,
गुडघ्याजवळून, हवेतून, काहीतरी उचललं,
आणि उजेडाकडे उलटं धरून
कितीतरी वेळ बघत राहिले.
फोनवर सेकंद चालले होते.