ओळ चौदावी

थंडर बेच्या गॅरेजात, हीटरपाशी, नदीननं
दोन पानं माझ्यासमोर सरकवली.
एकूण दोन हजार नऊशे चौदा डॉलर, साठ सेंट.
"हा फक्त अंदाज आहे," ती म्हणाली.
अंदाजाला साठ सेंट कशाला लागतात
हे मी विचारलं नाही.

धडक तशी फुसकीच.
बेकरीच्या पार्किंगमध्ये, मार्चच्या चिखलबर्फात
केल्सी नावाची एक पोर गाडी मागे घेता घेता
माझ्या उजव्या मडगार्डला टेकली.
रिकाम्या डब्यावर डबा बसावा तसा आवाज झाला.
रडली ती. मीच तिला दालचिनीचा बन दिला.
त्या बनची नोंद या कागदात नाही.

एकतीस वर्षं मी धान्याच्या एलेव्हेटरवर काढली;
गहू टनांत मोजला, वेळ भोंग्यावर.
इथे तासाचे दहा तुकडे केलेले:
दिवा काढणे-बसवणे, शून्य पूर्णांक तीन.
म्हणजे अठरा मिनिटं.
"कुणी मोजली?"
"कॉम्प्युटरनं."
"त्याची बोटं गारठतात का?"
नदीन हसली, पेन्सिल घेऊन
टेबलाच्या माझ्या बाजूला आली.

मग एकेक ओळ.
'नवीन' म्हणजे नवीनच, पण मूळ कंपनीचं नव्हे, तसं दिसणारं.
'वापरलेला' म्हणजे कुठल्याशा मेलेल्या गाडीचा दिवा,
जो आता आमच्या रस्त्याकडे बघत बसेल.
आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
बंपर उतरवल्यावर आत आणखी काही निघालं, तर पुरवणी.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
उघडल्यावर किती, ते त्या दिवशी.

चौदाव्या ओळीशी अडलो.
उजवं पुढचं दार: रंग मिळवणे.
"दाराला तर काहीच झालेलं नाही."
"म्हणूनच तर," ती म्हणाली.
"मडगार्ड होणार कोरं करडं,
आणि दारानं अकरा उन्हाळे खाल्लेत, अकरा हिवाळ्यांचं मीठ.
नवा रंग दारावर थोडा विरवत नेला
की डोळा फसतो. शेजारधर्म समजा."
म्हटलं, हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी.
"फाशी नाही हो, आंघोळ. हँडल काढू,
त्याच्या मागचे ओरखडेसुद्धा जातील. फुकटात."

ओरखडे.

हेल्मीच्या अंगठीचे आहेत ते.
अकरा वर्षं तिनं ते दार उघडलं;
हँडलमागच्या खोलगट वाटीत
बारीक रेघांचं घरटं झालंय.
दोन वर्षांपासून तिच्या नजरेच्या मधोमध
एक धुरकट डाग येऊन बसलाय, दिसतं ते कडेकडेनं.
पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या तिला करड्याच.
मागच्या ऑक्टोबरात ती एका अनोळखी पाद्र्याच्या गाडीत
पट्टाबिट्टा लावून बसली होती,
आणि तो बिचारा विचारत होता, "कुठे सोडू?"
तेव्हापासून ती आधी वाटीत बोटं घालते,
चाचपते,
मग म्हणते, "हीच आपली."

मी नदीनची पेन्सिल मागून घेतली.
"दोन वेगवेगळे करडे दिसतील," ती म्हणाली,
"उन्हात तर फारच. आणि वाचलेले पैसे
विमा कंपनी तुमच्या हातात देणार नाही."
"नकोत."
तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं,
मग नवीन पान छापायला उठली.
प्रिंटर अडकला होता. त्याचे तास कुणी धरले नाहीत.

घरी येऊन सगळं हेल्मीला वाचून दाखवलं,
दिव्यासकट, पुरवणीसकट, न उरलेल्या ओळीसकट.
"ती पोर बरी आहे ना?"
"ते यात लिहिलेलं नाही."
"आणि रंगातला फरक? फार कळेल?"
"डोळे असणाऱ्याला, लगेच."
ती इतकी हसली
की कॉफी बशीत सांडली.