थांबू की घेऊ

तपकीर गल्लीत, जिना चढून दम लागतो तिथे माझं दुकान.
पाटीवर वडिलांच्या काळचं ‘रेडिओ’ अजून पुसट दिसतं,
त्यावर मी ‘कॉम्प्युटर’ चिकटवलंय, जरा तिरकं.

दर गुरुवारी पानसे येतात.
सिमला ऑफिसात चौतीस वर्षं
उद्याचं तापमान आज सांगितलं
आणि परवा लोकांची बोलणी खाल्ली.
पिशवीत दोनशे पानी वही, तिच्यात निळ्या शाईने
जन्माला यायच्या प्रोसेसरची कुंडली:
कोअर किती, कॅशे किती, वॅट किती पिणार,
कुठली बातमी पक्की, कुठली नुसती हवा.
‘निळी कंपनी दिवाळी म्हणते, म्हणजे संक्रांत धरा.
लाल कंपनी सॉकेट बदलणार नाही. शक्यता साठ टक्के.’
मग चष्मा कपाळावर:
‘काय बिडवे, थांबू की घेऊ?’

नऊ वर्षं झाली या प्रश्नाला.

मी काय सांगणार?
माझ्या पाठीमागे फळीवर चालू पिढीचे एकतीस डबे,
पुढची आली की एका रात्रीत
संध्याकाळच्या कोथिंबिरीचा भाव त्यांना.
‘घ्या,’ मी म्हणतो.
‘थांबतो,’ ते म्हणतात.
दोघांचाही आवाज प्रामाणिक.

बाकीच्यांना काय काय हवं असतं.
हिंजवडीचा एकजण म्हणाला, बॅटरी अशी हवी
की जाता-येता ट्रॅफिकमध्येच आठ तास भरावेत.
कर्वेनगरची मुलगी म्हणाली,
मांडीवर ठेवायचा म्हणून लॅपटॉप ना?
मग भाजतो कशाला?
मी म्हटलं, पुढच्या पिढीत थंड होईल.
मागच्या पिढीलाही मी हेच म्हटलं होतं.

जानेवारीत पानशांनी रिक्षातून जुना कॅबिनेट आणला,
शालीत गुंडाळून, दवाखान्यात आणावा तसा.
उघडला. पंख्यावर धुळीची गोधडी,
चिपेवरची पेस्ट वाळून खडू झालेली.
मी पुसली, स्पिरिट लावलं,
नवी टाकली वाटाण्याएवढी, जास्त नाही.
सुरू केला. एकेचाळीस अंश.
त्यांनी वहीत लिहिलं: एकेचाळीस.
‘शिवाजीनगर आज नऊ पूर्णांक दोन,’ स्वतःशीच म्हणाले,
‘पाषाण त्याहून कमी असणार.’

‘चालवता काय यावर?’
साठ वर्षांचं पुण्याचं किमान तापमान,
रजिस्टरं बघून स्वतः टाईप केलेलं.
रोज रात्री दहाला गणित लावतात,
पहाटे साडेपाचला उत्तर येतं.
‘म्हणजे तुमचा अंदाज आणि थंडी एकदमच पोचतात?’
‘एकदमच,’ ते खूश होऊन म्हणाले.
‘मग स्वेटर चढवून गच्चीत जातो, थर्मामीटर बघायला.
कधी जुळतं.’

मी पाठकोऱ्या बिलावर हिशेब मांडला.
फळीवरच्या डब्यातला घेतलात तर अकरा मिनिटं.
येणारी पिढी, तुमच्याच वहीप्रमाणे, चार.

खाली टेम्पो रिव्हर्स येत होता, बीप, बीप.
पानशांनी चार हा आकडा लिहिला नाही.
‘दहा वाजून चार मिनिटांनी,’ ते म्हणाले,
‘मी काय करायचं हो?’

मला सुचलं नाही.
इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाने विचारलेला
पहिला प्रश्न, ज्याला माझ्याकडे मॉडेल नंबर नव्हता.

साफसफाईचे साडेतीनशे झाले. त्यांनी तीनशे दिले.
शाल नीट घडी करून परत कॅबिनेटवर घातली.
जिन्यात अर्ध्यावर थांबून मात्र ओरडले,
‘बिडवे! त्याच्याही पुढच्याबद्दल ऐकलंत का?
निम्मी वीज म्हणतायत.’

‘थांबा मग,’ मी म्हटलं,
नऊ वर्षांत पहिल्यांदा.