ढाळ

शिरोलीच्या शेडमधलं तीन नंबरचं टेबल माझ्याकडं.
टेबल म्हणजे जेवायचं नव्हे.
अंगावर आडव्या पट्ट्या, एका कुशीवर कललेलं,
मिनिटाला अडीचशे हिसके खाणारं.
त्याच्यावरनं पाण्याचा पातळ पदर सोडायचा
आणि बघत उभं राहायचं
कोण कुठं जातंय.

माझ्यापर्यंत यायच्या आधी बरंच घडलेलं असतं.
बायका पकड-पान्यानं पोटं उघडतात
मिक्सरची, सेट टॉप बॉक्सची, कॉलेजातल्या जुन्या कॉम्प्युटरांची.
फुगलेले कपॅसिटर बाजूला. सेल बाजूला.
मग हातोड्यांची गिरणी, तिच्यापुढं
कुठल्या कंपनीचा, किती हप्त्यांवर घेतलेला, काही चालत नाही.
चुंबकाचा ड्रम लोखंड उचलून नेतो.
ॲल्युमिनियम त्याला भीक घालत नाही,
पण पुढच्या फिरत्या चुंबकासमोर दचकतं
आणि टुणकन उडी मारून पलीकडच्या खोक्यात पडतं.
पहिला आठवडा मी डबा खाताना नुसतं तेच बघत होतो.
वाऱ्याच्या नळीत प्लॅस्टिक उडून जातं.
राहतं ते माझं: हिरवट वाळू,
तिला कशाचंच नाव देता येत नाही.

पुराच्या साली चिखली-आंबेवाडीकडनं माल आला.
ट्रकच्या ट्रक टीव्ही, आतमध्ये पंचगंगेचा गाळ थापलेला,
एका होम थिएटरमध्ये चिमणीएवढा वाळका मासा.
मालकांनी काट्यावर गाळाचं वजन वजा केलं.
माणसं काही बोलली नाहीत, सही केली, गेली.
तो गाळ माझ्या टेबलावर आला तेव्हा
तांबं दिसेनासं झालं. सगळं एकच राड.
शेटेसाहेबांनी तक्ता काढला, ढाळ वाढवला,
पाणी वाढवलं. राड गेली,
तांबंही गेलं.

खातूनबी झाडायला होती आमच्याकडं.
झारेकऱ्याची. आईचं बोट धरून
गुजरीतल्या फरशीच्या भेगा कुंचल्यानं टिपायची,
दुकानांची कुलपं निघायच्या आत.
सराफाच्या केराला तिचा बाप आगाऊ पैसे मोजायचा
आणि रंकाळ्याच्या कडेला काठवटीत वर्ष हलवायचा.
दीर पुढं तेजाबाच्या नादी लागला. त्याच्या
डाव्या हाताला तीन नखं आहेत.

ती माझ्या गटारीच्या तोंडाशी उकिडवी बसली,
घमेल्यात सांडपाणी धरलं,
मनगट असं फिरवलं, अजून एकदा,
आणि तळाशी एक लाल केस उरला.
“लई घाई हाय रं तुज्या पाण्याला,” म्हणाली.
“गाळ पळतोय म्हणून त्याच्या मागं पळू नको.
त्याला जाऊ दे. जड हाय त्ये बसतंय की.”

मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी तक्त्याकडं बघितलं.
तिनं स्क्रू स्वतःच धरला,
अर्धा आटा मागं, मग पाव.
कॉक पिळला. कान टेबलाला लावल्यासारखी वाकली.
बराच वेळ काहीच झालं नाही.
मागं गिरणीवाला ओरडत होता, माल तुंबला म्हणून.

मग वरच्या कोपऱ्यात, पट्ट्यांच्या आडोशानं,
करगोट्याएवढी तांबूस रेघ निघाली.
तिच्या शेजारी करडी, डाखाची.
खाली फायबर, गाळ, सगळी पुराची साय,
कडेवरनं घरंगळत टाकीत.
साहेब तक्त्यावर पेन्सिलीनं काही लिहीत होते,
खोडत होते.

“टाकीतल्याचं काय करता?”
वाळवून ठेवतो, म्हटलं. पोती आहेत मागं.
“नदीचं हाय त्ये,” म्हणाली, आणि
पोत्यांकडं जाऊन एकाची शिवण चाचपून आली.
तिच्या बोटाच्या पेरावर पिवळा ठिपका होता,
मोहरीच्या टरफलाएवढासुद्धा नाही.
सोनं की पितळ, मी विचारलं नाही.
तिनं तो बोट घासून
तांब्याच्या डब्याच्या काठावर पुसला,
डबा वाजवून घेतला, झाडू उचलला.

शनिवारी पगारपत्रक भिंतीवर लागलं.
तीन नंबरपुढं माझं नाव.
तिच्या नावापुढं: साफसफाई.
ढाळ अजून तिच्या आट्यावर आहे.
मी स्क्रूवर खडूची खूण करून ठेवली,
ती रोज पाण्यानं जाते,
रोज करतो.