गुळाची बाटली

पहिल्या जूनमध्ये आठ बाटल्या भरल्या.
चारांत शाहूपुरीतल्या गुळाचं कालवण,
चारांत रव्याची खीर, अळणी.
माश्या सगळ्या एकाच घडावरच्या.
परिचर बाबगोंडांनी कपिलतीर्थ मंडईतून केळी आणली,
"सडकी म्हणून फुकट दिली बघा मॅडम."

फळ्यावर लिहिलं : चल.
मागून कुणीतरी म्हणालं, चल की, कुठं जायाचं?
वर्ग हसला. मीही हसले.
चल म्हणजे जे आपण मुद्दाम बदलतो.
एकच बदलायचं. इथं अन्न.
बाकी उजेड, तापमान, काच, कापसाचा बोळा,
सगळं तेच ठेवायचं,
नाहीतर कुणामुळं काय झालं
ते शेवटी जोतिबालाही सांगता यायचं नाही.

जुलैत पंचगंगा वर आली. दोन दिवस लाईट नाही.
तापमानाचा तक्ता कोरा.
मी कपाळाला हात लावून बसले, तर बाबगोंडा म्हणतात,
"आठीच्या आठी बाटल्या एका फळीवर हाईत.
गार झालं ते समद्यांना सारखंच झालं की."
चौथी नापास माणूस.
मी तक्त्यात तेवढंच लिहिलं.

माशीची पिढी दोन आठवड्यांची.
एक बॅच पास होऊन गेली, दुसरी आली,
बाटल्यांत पन्नास पिढ्या झाल्या.
आमच्या घरात चौथ्या पिढीमागचं
नाव कुणाला येत नाही.

मग दोन्हीकडच्या एका पेल्यात सोडल्या,
पंखांवर रंगाचा ठिपका देऊन.
गुळाची माशी गुळाकडं वळली, रव्याची रव्याकडं.
दरवेळी नाही. पण मोजण्याइतकं.
आणि गुळाच्याच दोन वेगळ्या बाटल्यांतल्या
एकमेकींना कधी न भेटलेल्या माश्या
बिनधास्त जमल्या.

वडणग्याची तनुजा लोहार उभी राहिली.
"मॅडम, जात वेगळी म्हणून जमत नाही,
की जमू देत नाहीत म्हणून जात वेगळी होते?"
प्रजाती म्हण, मी म्हणाले.
ती म्हणाली, "बरं. प्रजाती."
आणि बसली नाही.

मी सांगितलं, ही अजून एकच प्रजाती आहे.
एकत्र आल्या तर पिल्लं होतात, पिल्लांनाही होतात.
डोंगर मध्ये आला, नदी फिरली, हजारो पिढ्या गेल्या,
तर कदाचित.
"आणि मध्ये बाटली धरणारा कोणी असला तर?"
घंटा झाली. बरं झालं असं वाटलं,
मग वाटल्याची लाज वाटली.

पुण्यात एम.एस्सी.ला पहिल्याच रात्री
मी म्हणाले होते, "मी झोपतो आता."
अख्खं हॉस्टेल हसलं.
तेव्हापासून तोंडात दोन बाटल्या आहेत.
वर्गात सांगते, लिहिते, येते.
आईला फोनवर येतो, जेवलो, दमलो.
बोळा कुणी लावला ते आठवत नाही,
बहुतेक मीच.

सहा वाजता बाबगोंडा विचारतात,
"धुऊन टाकू का बाटल्या?"
थांबा, म्हटलं. रव्याच्या दोन बाटल्यांत गूळ घाला.
बाकी काही हलवू नका.
बघू, किती पिढ्या लागतात परत यायला.

तनुजा दारात घुटमळत होती,
वहीत आठ चौकोन आखून,
नवव्या चौकोनाला नाव न देता.
"तू उद्या लवकर ये," मी म्हणाले,
"मोजायला दोघी लागतील.
मी जातो आता."