मधली जागा

सोना फ्रांकातून स्वस्तात आणलेलं खोकं,
मॅन्युअल पोर्तुगीजमध्ये, त्याचंही शेवटचं पान फाटलेलं.
पाच स्पीकर, एक सबवूफर, मधे हा काळा प्रोसेसर.
बाबा म्हणाले, सहा तोंडं आणि एकच डोकं!
आमच्या युनियनमध्ये उलटं होतं.

पहिल्या दिवशी नुसता निळा पडदा.
टीव्हीला प्रोसेसर दिसेना, प्रोसेसरला टीव्ही.
केबल काढली, घातली, टोकं बदलून घातली,
मग सगळं बंद करून आधी हा, मग तो, मग प्लेअर
असं एकेकाला उठवलं,
रुसलेल्या पाहुण्यांना पंगतीला उठवावं तसं.

दुसऱ्या दिवशी चित्र आलं. सोबत गुणगुण,
खालच्या पट्टीतली, श्वास न घेणारी.
बाबांनी भिंतीला कान लावला, उजवा, धड असलेला.
"पन्नास हर्ट्झ. अर्थिंगचं दुखणं."
डिशची तार उपटली
आणि घर एकदम रिकामं झालं.

रिकामं म्हणजे वारा उरला.
पुन्ता अरेनासमध्ये तो धरूनच चालायचं असतं.
सामुद्रधुनीवरून येतो, छपराचा पत्रा उचकटून बघतो,
काही मिळालं नाही की पुढच्या घरी.

माइक तिपाईवर, सोफ्याच्या मधोमध, बसल्या माणसाच्या कानाइतका.
पडद्यावर सूचना: शांत राहा.
राहिलो.
फ्रिज बंद केला, घड्याळ उशीखाली कोंबलं,
कुत्रा शेजारच्या नेस्तोरकडे नेऊन बांधला.
खोलीत आवाज जास्त आहे. पुन्हा प्रयत्न करा.
पाच वेळा.
"त्याला सांग यास्ना," बाबा म्हणाले,
"मी चौऱ्याहत्तर वर्षं करतोय."

पहाटे चारला वारा दम खायला टेकला.
बाबांना उठवावं लागलं नाही, ते जागेच होते.
एकेक स्पीकर तळापासून वर चढत जाणारी शिट्टी घालत गेला,
आम्ही दोघं जमिनीवर, पाठ भिंतीला, ओठ मिटून.
मग आकडे.
समोरचा उजवा: दोन मीटर ऐंशी.
मागचा डावा: ध्रुवता उलटी.

त्यांनी रेडिओतून दीड व्होल्टची बॅटरी काढली,
तारेची दोन टोकं टेकवली, शंकूवर बोट ठेवलं.
"आत गेला. बाहेर यायला हवा होता."
म्हणजे मागचे दोघे तेच सांगत होते,
एक श्वास घेत, एक सोडत,
आणि मधे बसणाऱ्यापर्यंत अर्धंही पोचत नव्हतं.
तांबडी तार काळीच्या जागी.
मीच लावली होती. ते काही बोलले नाहीत.

एकतीस वर्षं ते थिएटरच्या वरच्या खोलीत उभे राहिले.
सिनेमा ऐकला तो भिंतीतल्या वीतभर स्पीकरमधून,
यंत्राच्या खडखडाटातून.
आता तिथे टायर विकतात.
"आठशे वेळा वादळ लावलं असेल मी," एकदा म्हणाले होते,
"थेंबही अंगावर आला नाही.
पाऊस मागून येतो म्हणे.
बाहेर पडणारे लोक सांगायचे."

मी त्यांना मधे बसवलं. पाऊस लावला.
आला, मागून, दोन्ही खांद्यांवरून.
त्यांनी मान वळवली नाही.
चार मिनिटं, फार तर पाच.

मग उठले, मागे दारापाशी जाऊन उभे राहिले,
एक हात चौकटीवर, भार डाव्या पायावर.
"तिथे नीट येत नाही, बाबा. डावा फार जवळ पडतो."
"माहीत आहे."
"मग बसा ना."
"तू बघ."

थोडा वेळ बघितलं.
नंतर तिपाई उचलली, दारापाशी नेली,
पाय लांब केले, माइक वर, आणखी वर,
उभ्या माणसाच्या उजव्या कानाइतका.
नवी मोजणी.
पत्रा पुन्हा वाजायला लागला होता.
खोलीत आवाज जास्त आहे.
खाली बारीक अक्षरांत: तरीही पुढे जायचं?
हे आधी कधी दिसलंच नव्हतं.

मी हो दाबलं.
नेस्तोरकडे कुत्रा भुंकत होता.
तोही मोजला गेला असणार.